सरांच्या कपाटातला स्कोप

मी लूमची, म्हणजे यंत्रमागांची, कार्डं दुरुस्त करते. जुन्या साध्या लूमला कार्ड नसायचं, तिथं सगळा मामला लोखंडाचा आणि तेलाचा. आता भिवंडीत नव्या मशिनी आल्या आहेत आणि त्यांच्या पॅनेलमध्ये वहीएवढी हिरवी पाटी असते, तेच हे कार्ड. ती बिघडली की मशीन थांबते, आणि मशीन थांबली की कारखानदार ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या गाळ्यात घेऊन येतो. "मॅडम, अर्जंट आहे." आजवर एकानेही 'सावकाश करा' म्हटलेलं मला आठवत नाही.

गाळा काल्हेरला, सासरच्या घराला लागूनच. सासूबाईंनी आयुष्यभर शेत केलं आणि शेतातली भाजी डोक्यावरून ठाण्याच्या बाजारात नेऊन विकली. त्या शेतावर आता गोदाम उभं आहे आणि त्याचं भाडं येतं. भाडं यायला लागलं आणि सासूबाईंच्या हाताला काम उरलं नाही. सकाळी नऊपर्यंत त्यांचं सगळं आवरून व्हायचं. मग त्या माझ्या गाळ्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, "कवरा येल लागंल माहीत न्हाय, बसा," असं सांगायच्या. गिऱ्हाइकं त्यांनाच मालकीण समजायची. त्यांनीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

मला जुन्या उपकरणांचं वेड आहे. काल्हेरपासून वडप्यापर्यंत गोदामांच्या मागच्या गल्ल्यांत भंगारवाले बसतात. मुंबईत कुठं ऑफिस बंद झालं, कुठल्या कारखान्याने जुनी लॅब काढून टाकली, की ते सामान टेम्पोत भरून इकडं येतं. मीटर, पॉवर सप्लाय, जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, काय वाटेल ते. भंगारवाल्याला त्याच्या आतलं तांबं आणि ॲल्युमिनियम हवं असतं. त्यामुळे माल आल्यापासून हातोडा पडेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात पोचायचं. पोचलं तर उपकरण, नाही तर पत्रा.

पहिल्यांदा मी एकटीच गेले होते आणि एक पॉवर सप्लाय घेऊन आले. सासूबाईंनी किंमत विचारली. मी सांगितली.

"तो बोल्ला आनि तू दिलंस?"

"हो."

"म्होरच्या खेपंला मना घेऊन चल."

तेव्हापासून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसतात. पदर खोचलेला आणि मांडीवर रिकामी गोणी. त्यांना मीटरमधलं काही कळत नाही आणि त्यांचं हिंदी ऐकून समोरचा गोंधळतो. तो गोंधळला की भाव पडतो.

मला फार वर्षांपासून एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे ऑसिलोस्कोप. आम्ही त्याला नुसतं स्कोप म्हणतो. विजेचा चढउतार डोळ्यांना दिसत नाही, तो हा स्कोप पडद्यावर रेघेनं काढून दाखवतो. आता तळहातावर मावेल एवढे नवे डिजिटल स्कोप मिळतात, माझ्याकडे एक आहेही. पण मला तो जुना हवा होता, काचेच्या नळीचा, हिरव्या उजेडाचा. आयटीआयमध्ये आमच्या वर्गात तसा एकच होता. त्याच्याभोवती मुलं उभी राहायची आणि आम्ही दोघी मुली मागे. दोन वर्षांत मी तो मुलांच्या खांद्यांमधून जेवढा दिसला तेवढाच पाहिला.

एका शनिवारी दुपारी आमच्या ओळखीच्या भंगारवाल्या चाचांचा फोन आला. म्हातारा गृहस्थ, मला बेटी म्हणतो आणि सासूबाईंना अम्मा.

"बेटी, किसी कॉलेज का माल आया है. डिब्बे हैं, काँचवाले. कल दोपहर को तोड़नेवाले आएँगे."

रविवारी सकाळी आठच्या आत आम्ही त्यांच्या शेडमध्ये होतो. लाकडी स्टुलांचा ढीग, मोडकी टेबलं, वायरींची भेंडोळी, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले लॅबचे डबे. मी एकेक बाजूला सारत गेले. एक मीटर, दुसरा मीटर, एक काटा तुटलेला. आणि मग सगळ्यात खाली तो दिसला. राखाडी पत्रा, समोर बटणांच्या रांगा, डावीकडे छोटा चौकोनी पडदा, वर हँडल. बाजूला पांढऱ्या रंगाने कॉलेजचा नंबर लिहिलेला. मी वाकून हँडल धरलं.

त्याच क्षणी त्याच हँडलवर दुसरा हात पडला.

हात एका सत्तरीच्या गृहस्थांचा होता. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, चष्म्याला दोरी.

"हा मी बघत होतो," ते म्हणाले.

"मीपण बघत होते."

"मी आधी आलोय."

"माझा हात आधी लागलाय."

त्यांनी सोडलं नाही. मीही नाही. दोन शिकलेली माणसं भंगाराच्या शेडमध्ये एक डबा धरून उभी होती, आणि चाचा चहाचा ग्लास हातात घेऊन मजेत बघत होते. सासूबाई पुढे आल्या. त्यांनी त्या गृहस्थांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, तुमी ह्यो घेऊन काय करनार?"

त्या गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला आणि मोकळ्या हाताने डब्यावरचा तो पांढरा नंबर पुसायला लागले. घासून नव्हे, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सोड गो. त्यांचाच हाय तो."

मग ते बोलले. त्या कॉलेजच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावर एकदा सहज भेटायला गेले, तर कपाटं रिकामी. नवं सामान आलं, जुनं गेलं, एवढंच तिथल्यांना माहीत. मग त्यांनी कुणी उचललं, कुणाला विकलं, पुढे कुणाकडे गेलं, हे विचारत विचारत मागोवा घेतला. तीन आठवडे ते कल्याणहून बसने भिवंडीला येत होते. हे चौथं गोदाम.

मी हँडल सोडलं. खरं सांगायचं तर माझं तोंड एवढंसं झालं होतं, पण म्हटलं, "सर, तुम्ही घ्या."

सरांनी स्कोप उचलला. सात-आठ किलोचा ऐवज. दोन पावलं चालले आणि त्यांनी तो एका स्टुलावर ठेवून दिला.

"घरी ठेवायला जागा नाही," ते म्हणाले. "आणि सूनबाईला मी सांगून येतो की देवळात चाललोय. देवळातून हे घेऊन कसा जाणार?"

चाचांना हसू आवरेना. सरही हसले.

"मला एवढंच बघायचं होतं की हा कुणाकडे जातो. याचा पत्रा होऊ नये." मग त्यांनी चष्मा नीट केला. "तुम्ही काय करणार याचं?"

मी लूमच्या कार्डांचं सांगितलं.

"स्कोपला ट्रिगर कशासाठी असतो?"

माझी तिथंच तोंडी परीक्षा सुरू झाली. एका बाजूला स्टुलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चाचांचा वजनकाटा, आणि मी हात मागे बांधून उत्तरं देतेय. चार प्रश्नांची बरोबर आली, पाचवं चुकलं. सरांनी ते समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता ते मला तुम्हीवरून तूवर कधी आले, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"पास हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"पास."

मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढून वरचा पत्रा उघडला. काचेच्या नळीच्या मानेत आतून एक चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर नळीत हवा शिरली, खेळ खलास. आमचा डाग आरशासारखा चकाकत होता. सरांनी आणि मी एकदमच श्वास सोडला.

मग सासूबाईंचं काम सुरू झालं. चाचांनी स्कोप काट्यावर ठेवला.

"अम्मा, तौल का भाव है, इसमें क्या बोलना."

"इसमें धूळ कितना हाय? धूळ का वजन कम करो."

"धूल का?"

"तो क्या धूळ का पैशा देऊ?"

चाचांनी हात जोडले. धुळीबद्दल किती कमी झालं ते मी सांगत नाही, पण त्यात आम्हा चौघांचा चहा झाला.

सर आमच्याबरोबरच निघाले. मी स्कूटरवर पुढे, मागे रिक्षात सर आणि सासूबाई, आणि स्कोप सरांच्या मांडीवर. गाळ्यात आल्यावर त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्सची वही काढली. स्कोपचं सगळं मॅन्युअल, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं. तीन आठवडे ते ही वही घेऊन फिरत होते.

जुनं उपकरण एकदम प्लगला लावायचं नसतं. आधी प्लग आणि उपकरण यांच्या मध्ये एक बल्ब जोडायचा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि उपकरण वाचतं. आमचा बल्ब लखलखीत पेटला. सासूबाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात त्यांना आमचे चेहरे दिसले.

स्कोपच्या आतल्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर सुकले होते. ते मी बदलले. सरांचा हात आता थरथरतो, म्हणून सोल्डरिंग माझ्याकडे आणि वाचून सांगणं त्यांच्याकडे. पण मी कुठल्याही भागाजवळ हात नेला की ते "थांब, थांब" म्हणायचे. पहिल्या रविवारी त्यांनी ते इतक्यांदा म्हटलं, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "सर, तुमी थांबा जरा. तिला करू दे."

दुसऱ्या रविवारी बल्ब मंद राहिला, म्हणजे शॉर्ट गेला. मी सगळी बटणं स्प्रे मारून साफ केली, प्रत्येक शंभरदा फिरवली. आतून पिवळसर उजेड दिसायला लागला, पण पडदा काळाच. सर हिरमुसले. त्यांच्या वाटणीचं जेवण ताटात तसंच राहिलं, आणि सासूबाईंच्या घरी ते चालत नाही.

तिसऱ्या रविवारी मी भिंग घेऊन एकेक जोड बघत होते. ब्राइटनेसच्या बटणामागे एक वायर होती. तिच्यावर सोल्डरचा मोठा, मळकट गोळा, आणि त्या गोळ्याच्या आत वायर सुटी. बाकी सगळं काम कसं नेटकं, कारखान्यातलं, आणि मध्येच हा गोळा.

"हे कुणी केलंय?" मी हसतच म्हणाले. "कुठल्या तरी मुलाने केलं असणार."

मी मान वर केली. सर खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक बघत होते.

"मी केलंय," ते म्हणाले.

सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"तीस वर्षांत मी हा स्कोप एकाही विद्यार्थ्याच्या हातात दिला नाही. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. वर्षातून एकदा बाहेर काढायचो आणि सांगायचो, नाजूक आहे, लांबून बघा. निवृत्तीच्या आधी पाच-सहा वर्षं ही वायर सुटली. मी जोडली. आणि त्यानंतर तो चालूच झाला नाही. कपॅसिटर तेव्हा शाबूत होते, बरं का. एवढंच बिघडलं होतं." त्यांनी त्या गोळ्याकडे बोट दाखवलं. "कुणाला सांगितलं नाही मी. तेव्हाही मुलांना तेच म्हणायचो. नाजूक आहे, लांबून बघा. चालतच नव्हता तो!"

आणि मग सासूबाई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाशी धरून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बंद डबा! बंद डबा दावत व्हते पोरांना!" मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण जमलं नाही. आणि मग सरच हसायला लागले. त्यांचा चष्मा दोरीवर लोंबकळत होता आणि ते टेबल धरून हसत होते. रस्त्यावरून जाणारा एक ट्रकवाला आत डोकावून गेला.

हसणं ओसरल्यावर मी तो गोळा वितळवून काढला आणि वायर नीट जोडली. सरांनी एकदाही "थांब" म्हटलं नाही. उलट म्हणाले, "लाव स्विच. आणि सगळी बटणं फिरव. सगळी. मोडलं तर मोडू दे."

अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आधी एक धूसर डाग आला. मी फोकस फिरवला. डाग आवळत गेला, आडवा पसरला, आणि एक बारीक, हिरवीगार, सरळ रेघ पडद्याच्या मधोमध उमटली.

"येवरंच?" सासूबाई म्हणाल्या. "एक रेघ? तीन आयतवार ह्या रेघंसाठी?"

सर झटकन उठले. "बाई, थांबा. तुम्हाला दाखवतो." त्यांनी मला जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक आणि एक लहान ॲम्प्लिफायर जोडायला लावला आणि माइक सासूबाईंच्या हातात दिला. "बोला."

"काय बोलू?"

रेघ हलली. सासूबाई दचकून मागे सरल्या. मग हळूच म्हणाल्या, "हॅलो." रेघेवर लाटा उठल्या.

"यो माजा आवाज हाय?"

"तुमचाच."

त्यांनी माइक तोंडाजवळ धरला, डोळे मिटले आणि बाजारातली आरोळी दिली. "भाजीऽऽऽ! ताजीऽऽ भाजीऽऽऽ! मेथीऽऽ, मुलाऽऽ, वांगीऽऽऽ!"

भाजी विकणं सुटून कितीतरी वर्षं झाली होती. मी त्यांची ती आरोळी कधी ऐकलीच नव्हती, मी सून म्हणून आले तोवर गोदाम उभं राहिलं होतं. पडदा वरपासून खालपर्यंत हिरव्या डोंगरांनी भरून गेला. डोंगर पडद्यात मावेनात. सर ओरडले, "कमी कर, कमी कर, रेंज बदल!" मी बटण फिरवलं, तर सासूबाईंनी आवाज आणखी चढवला. शेजारच्या गोदामातले हमाल दारात येऊन उभे राहिले. समोरच्या चाळीतली एक बाई खरोखरच पिशवी घेऊन बाहेर आली आणि भाजीवाली कुठं आहे म्हणून विचारायला लागली.

सासूबाईंनी डोळे उघडले. दारातली गर्दी बघितली, पडद्याकडे बघितलं.

"येवरा मोठा व्हता माजा आवाज," त्या म्हणाल्या. "मना ठाऊकच न्हवतं."

त्या दुपारी हमालांपैकी प्रत्येकाने माइकवर काही ना काही म्हटलं. एकाने भोजपुरीत गाणं गायलं, एक जण नुसती शिट्टी वाजवून गेला. सर प्रत्येकाला बटणापाशी उभं करून सांगत होते, हे फिरव, आता ते फिरव, घाबरू नको. मी मागे उभी राहून बघत होते, आणि या वेळी मागे उभं राहायला मला काही वाटत नव्हतं. स्कोप माझ्याच टेबलावर होता.

त्यानंतर सर दर रविवारी यायला लागले. महिनाभराने एका रविवारी गाळ्यासमोर रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. सरांची सून. त्यांनी आत पाऊल टाकलं तेव्हा सर एका कार्डावर वाकून विजेच्या पल्स मोजत होते.

"बाबा, हे देऊळ होय?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण सूनबाई रागावल्या नव्हत्या. सासरे दर रविवारी सहा-सहा तास देवळात बसतात, तब्येत तर ठीक आहे ना, या काळजीने त्या मागोमाग आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांच्या हातात माइक दिला. जाताना सूनबाई एवढंच म्हणाल्या, "सांगितलं असतं तर डबा नसता का दिला मी?" आता डबा येतो, आणि त्यात सासूबाईंसाठी वेगळी भाकरवडी असते.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं वडप्याला गेलो होतो. एका गोदामात जुन्या कॉम्प्युटरचा लॉट आला होता, पिवळट पडलेले जाडजूड मॉनिटर, टकटक वाजणारे कीबोर्ड. सरांनी तासभर घालवून एक निवडला. सासूबाईंनी तासभर घालवून भाव केला. गाळ्यात आणून आम्ही तो साफ केला, बल्ब जोडला, स्विच लावला. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर आकडे पळत पळत मोजले गेले, एक "टूं" आवाज झाला आणि पांढरी चौकट लुकलुकायला लागली. सरांनी आणि मी एकमेकांना टाळी दिली.

"मी करू?" सासूबाईंनी विचारलं.

सरांनी लिहायचा प्रोग्राम उघडला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. सासूबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. इंग्रजी अक्षरं त्यांच्यासाठी नुसती चित्रं. त्यांनी कीबोर्डवरून बोट फिरवलं, गोल टोपलीसारखं दिसणारं एक अक्षर निवडलं आणि दाबलं. पडद्यावर ते अक्षर उमटलं. त्यांनी बोट उचललंच नाही. अक्षरामागून अक्षर, एक ओळ भरली, दुसरी भरली.

"आई, बोट उचला आता."

"थांब गो," त्या पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. "भरू दे सगला."